संग्रामपूरचं भरीत आणि उसना दिलेला पंप

थंडीत संग्रामपूरला जायचं ते भरतासाठी, हे माझं ठरलेलं. यंदा ताईचा फोन आला, शेताची सरकारी तपासणी आहे, ये, तुझ्या ब्लॉगला विषय होईल. तपासणी म्हटलं की मी उगाच घाबरतो. तरी निघालो.

पुण्याहून रेल्वेने मलकापूर, पुढे एसटीने नांदुरा, जळगाव जामोद करत संग्रामपूर. थेट गाडी नसली तर जळगाव जामोदला बदलावी लागते. मलकापूरच्या स्टँडवरच चहा-भजी खाऊन घ्या. जळगाव सोडलं की डावीकडे सातपुडा दिसतो आणि रस्ता हाडं खिळखिळी करतो.

संध्याकाळी ताईने शेतातली वांगी तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर भाजून भरीत केलं. मी लाज सोडून जेवलो. जेवताना तिने सांगितलं की त्यांचा विषमुक्त शेतीचा गट सरकारी योजनेत आहे. रासायनिक फवारणी बंद, फवारणीचा पंपसुद्धा गटाबाहेर द्यायचा नाही. उद्या अधिकारी भाजीचा नमुना नेणार. एकाने काही लपवलं आणि मालात विष निघालं, तर अख्ख्या गटाचं प्रमाणपत्र जाणार.

सकाळी भाऊजींनी मला वावरात नेलं, पंपाचं झाकण उघडलं आणि वास घ्यायला सांगितलं. औषधाचा उग्र वास थेट डोक्यात गेला. शेजारच्या गजाननने कपाशी फवारायला पंप नेला होता, विसळून परत दिला होता. भाऊजींनी त्यातच निंबोळी अर्क भरून वांग्यांवर मारला होता. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिलाच कशाला, मी विचारलं.

"शेजारी हाय तो. पंपाले नाई कसं म्हनाव?"

खरं सांगतो, आधी कालच्या भरताची भीती वाटली, गटाची नंतर.

दुपारी अधिकारी आले. गटातल्या बाया बांधावर जमल्या. नमुना कुणाच्या शेतातून घ्यायचा असं विचारताच ताई मोठ्या तोऱ्यात पुढे झाली, आमची वांगी न्या म्हणाली. भाऊजींनी टोपी काढली.

"थांबा साहेब. आमचं वावर गटातून काढा. पंप म्या बाहेर देल्ला होता."

अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की स्वतःहून बोललात म्हणून गट वाचेल, तुमचं शेत मात्र पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजलं जाईल. ही वांगी विषमुक्त म्हणून विकायची नाहीत. ताई भाऊजींकडे न बघता घरी निघून गेली.

मी निघताना, माझ्या मुलीसाठी आदल्या रात्री पिशवीत भरून ठेवलेली वांगी ताईने एकेक करून बाहेर काढली. "तुया पोरीले नको खाऊ घालू," म्हणाली.

पुण्यात येऊन आता बरेच दिवस झाले. असले नियम मला पूर्वी जाचक वाटायचे. आता मंडईत वांगं हातात घेतलं की नाकाशी नेतो, वास काहीच येत नाही, तरी भीती जात नाही. परवा फोनवर ताईला विचारलं, त्या वांग्यांचं काय केलंस?

"काय करनार? आमीच रोज खाऊन राह्यलो."