रांगेतल्या चपला

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. उलट त्या निवडणुकीचा विषय निघाला की मीच तावातावाने भांडत आले. महापालिकेला शिव्या, पुढाऱ्यांना शिव्या. गरिबांचं मत कसं हिरावून घेतात यावर माझं व्याख्यान तयारच असायचं. कोण हिरावून घेतं — तेवढं मात्र गिळलं.

गिरण्यांचा संप मोडला, त्यानंतरची महापालिकेची निवडणूक. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत गॅस्ट्रोची साथ होती. होणारच ना? अख्ख्या वस्तीला एक नळ, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं. खाली आमच्या सोसायट्यांत टाक्या भरून वाहायच्या आणि वर पोरं मरायची. याचा राग आजही येतो. मी खालच्या शाळेत शिक्षिका. संध्याकाळी वर जाऊन बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची. घरोघर फिरून मीच त्यांना सांगितलं, मत द्या, मत दिलंत तर हक्काने नळ मागता येईल. वर्गाला येणाऱ्या शेवंताबाईने ते फार मनावर घेतलं. तिचा धाकटा त्याच साथीत गेला होता.

मतदानाला माझी ड्यूटी आमच्याच शाळेत लागली. दुपारी पाणी भरून, आजाऱ्यांचं करून शेवंताबाई बायकांना घेऊन आली. त्या रांगेत उभ्या राहिल्या मात्र, सोसायटीतले लोक कुरकुरायला लागले. साथीच्या वस्तीतल्या बायका, आम्हाला चिकटून कशाला? आणि मी काय केलं? त्या लोकांना झापायचं सोडून शेवंताबाईलाच गोडीगुलाबीने म्हटलं, रस्त्यापलीकडे झाडाखाली बसा, गर्दी ओसरली की मी बोलावते. खरं सांगू? मलाही त्या लांबच हव्या होत्या. त्यांच्या घरचा चहा प्यायलेली मी — आणि त्या दिवशी मला त्यांचा श्वाससुद्धा नको झाला.

त्या गेल्या. पण नंबर जाऊ नये म्हणून चपला रांगेत ठेवून गेल्या, नळावर हंडे ठेवतात तशा. रांग पुढे गेली की एकजण यायची आणि चपला सरकवून जायची. वस्तीत कितीही भांडणं होवोत, ठेवलेल्या हंड्याचा नंबर कुणी मारत नाही. इथेही तसंच असेल, असं त्यांना वाटलं. मी होते ना तिथे!

रांग इतकी हळू सरकत होती की चपलांचा नंबर आलाच नाही, आणि गर्दीही ओसरली नाही. ओसरली असती तर मी हाक मारली असती का? कुणास ठाऊक. वेळ संपली, शिपायाने फाटक लावलं. केंद्राध्यक्ष रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटायला निघाले. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्यालाच मत देता येणार होतं. चपलांपाशी ते थांबले.

"बाई, ह्या कुणाच्या?"

फाटकाच्या गजांना धरून शेवंताबाई उभी होती. बाई सांगतीलच, अशी तिची खात्री. एक वाक्य पुरलं असतं — साहेब, यांना मीच बाहेर बसवलंय. पण मग का बसवलं, तेही सांगावं लागलं असतं. सगळ्यांदेखत.

"राहिल्या असतील कुणाच्या तरी, साहेब," मी म्हणाले.

शिपायाने त्या पायाने भिंतीकडे सारल्या.

पुढच्या वर्गाला सगळ्या आल्या. एकजण फणकाऱ्याने बोललीच, बाईंनीच आपल्याला उठवलं म्हणून. शेवंताबाईने तिला गप्प केलं.

"बाईंचा काय दोस? आमीच येड्या. चपलेला कुठं मत असतंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि फळ्यावर पुढचं अक्षर लिहायला घेतलं.