कात्रीवरचा शिक्का

कात्री धारेला दिली की आमचे कात्रीवाले आधी वाटीतला ओल्या गॉजच्या पट्टीचा तुकडा उचलायचे. दोन बोटांत सैल धरून कात्रीच्या फक्त टोकानं कापायचे. स्वच्छ कापला गेला तर काही बोलायचे नाहीत. धागा ओढला गेला, तर चष्म्यावरून बघून विचारायचे, "सिस्टर, हिनं ऑपरेशन केलंत की पाकिटं फोडलीत?"

त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. आमच्या नव्या मुली टाक्यांच्या दोऱ्याची पाकिटं त्याच कात्रीनं फोडायच्या.

स्वारगेटजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते. त्यांचं नारायण पेठेत चिमटे, कात्र्या, सुया यांचं दुकान होतं. विकायचे आणि धारही लावून द्यायचे. घराणं पुण्यातच मुरलेलं. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि जीभ पेठेतली. एका सर्जननं एकदा "ही कात्री किती वर्षं टिकेल?" असं विचारलं, तर म्हणाले, "कात्री टिकेल. आपण कोणाच्या हातात देता त्यावर आहे." सर्जनचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

त्यांचा माल यायचा सियालकोटहून, सीमेपलीकडून. तिथल्या एका कारखानदाराशी त्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा व्यवहार होता. दोघं वर्षातून एकदा भेटत, तेही दिल्लीच्या प्रदर्शनात. त्या माणसाला पुण्याचा व्हिसा कधी मिळाला नाही.

एकदा एका मोठ्या हॉटेलात 'शेजारी देशांतील व्यापार आणि सुरक्षा सहकार्य' या विषयावर परिसंवाद होता. हॉस्पिटलच्या खरेदी समितीत होते म्हणून मलाही पाठवलं होतं. व्यासपीठावरून बरंच काही सांगितलं गेलं. व्यापार वाढला की विश्वास वाढतो, विश्वास वाढला की सीमा शांत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतून हे उठले.

"आम्ही दोन व्यापारी दिल्लीच्या मंडपात भेटतो, तेव्हा देशाला धोका नसतो. तोच माणूस माझ्या घरी जेवायला आला तर होतो. हे कसं ठरतं, एवढंच समजून घ्यायचं होतं."

"प्रश्न चांगला आहे," अध्यक्ष म्हणाले. "चहानंतर घेऊ."

चहानंतर व्यासपीठावरचे निम्मे लोक विमानासाठी निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तर म्हणाले, "चहा मात्र चांगला होता हं."

मग सीमेवरच्या राज्यात जवानांवर तो मोठा हल्ला झाला. दोन्हीकडचा व्यापार थांबला. त्यांच्या मालाचा ट्रक अटारीच्या सीमानाक्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेच त्यांना आठवडाभर कळेना. कळलं तेव्हा त्या मालावर एवढं शुल्क बसलं होतं की त्यांनी तो सोडून दिला.

मी हळहळले. ते म्हणाले, "तरुण पोरं गेलीत, सिस्टर. माझ्या कात्र्यांचं काय घेऊन बसलात?"

पुढच्याच महिन्यात मी दुकानात असताना साध्या कपड्यांतली दोन माणसं आली. फार सभ्यपणे बोलत होती.

"आता व्यापार नाही, तरी तिकडे फोन का असतात?"

"पूर्वी मालासाठी असायचे. आता तब्येत विचारायला."

"कोणाची?"

"दोघांची. तो माझी विचारतो, मी त्याची."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "आपण कोण?"

मी या दुकानमालकांच्या मुलीच्या लग्नात जेवले होते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात ते दवाखान्यात रोज येऊन बसत. मी म्हटलं, "गिऱ्हाईक." आणि पर्स उचलली. गल्ल्यामागून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास एक नवा पुरवठादार शहरात आला. तोच सियालकोटचा माल तिसऱ्या देशातून फिरवून आणायचा, वर युरोपातल्या कुठल्यातरी गावाचं नाव ठोकायचं, असा त्याचा धंदा. त्यानं यांनाही बरोबर घ्यायची तयारी दाखवली होती. यांनी नकार दिला. मला नंतर एवढंच म्हणाले, "घडवणाऱ्याचं नाव घासून काढायचं आणि आपण धार लावायची? नाही जमणार."

या सौद्याबद्दल मला तेव्हा काही माहीत नव्हतं. त्या पुरवठादारानं आमच्या खरेदी समितीपुढे छोटंसं भाषण केलं. आपल्या देशाची एक दमडीही शत्रूकडे जाता कामा नये, असं म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. 'सध्याची परिस्थिती लक्षात घेता' नारायण पेठेतल्या दुकानाशी असलेला व्यवहार बंद करण्यात येत आहे, या पत्रावर पाच सह्या झाल्या. तिसरी माझी.

नव्या कात्र्या आल्या. हाताला सवयीच्या वाटल्या, म्हणून सगळे खूश. तीन महिन्यांत एक बोथट झाली. पुरवठादार धार लावून देत नव्हता. तशीच पर्समध्ये घालून मी खाली मान घालून नारायण पेठेत गेले.

त्यांनी पत्राचा विषय काढला नाही. कात्री उघडून दांडीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"सिस्टर, ही माझ्या सियालकोटच्या दोस्ताच्याच कारखान्यातली आहे."

"कशावरून?"

"कानस उलट्या बाजूनं फिरलीय. त्याचा एक कारागीर डावखुरा आहे." वरच्या परदेशी शिक्क्याकडे पाहून ते हसले. खरंच हसले. "चला. म्हणजे त्याचं काम चालू आहे."

मी विचारलं, "समितीला सांगू?"

"सांगा की. माझं काम गेलंच आहे. त्याचंही जाईल."

मी सांगितलं नाही. त्यांच्या मित्राच्या पोटावर पाय नको म्हणून, असं मी तेव्हा मनाशी म्हणत असे. खरं म्हणजे कागदावर माझी सही होती.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं. विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा बँकेत नोकरीला आहे. निघताना दारापर्यंत आला आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. तिच्यावर एक लांबलचक नंबर होता.

"दर शुक्रवारी अब्बांना यांचा फोन यायचा. आता अब्बांचा मोबाइल बंद ठेवलाय आम्ही. त्यांना कळवायला हवं, पण माझ्या फोनवरून नको वाटतं. नोकरी आहे, मुलं लहान आहेत. तुम्ही कळवाल? तुमच्यावर कोण संशय घेणार?"

मी हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये नंबर अर्धा दाबलाही. पण माझ्या मुलीच्या अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. म्हटलं, ती होऊ दे. व्हिसा मिळाला, मुलगी गेली, सगळं सुरळीत झालं. मग वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं? आणि कोण म्हणून सांगायचं? गिऱ्हाईक म्हणून?

याला आता तीन वर्षं होतील. तो म्हातारा हयात असेल, तर त्यानं पहिले कितीतरी शुक्रवार फोन लावून पाहिला असणार. शेवटी त्याची एकच समजूत झाली असेल, की पुण्याच्या दोस्तानं घाबरून फोन उचलणं बंद केलं. आणि ते तर, मुलगा सांगत होता, मरणाच्या आदल्या शुक्रवारीसुद्धा त्याच्याशी अर्धा तास बोलले होते.