समासातलं नाव

तंबाखूच्या वखारीचा उग्र वास आला की मला निपाणीतलं ते घर आठवतं. आप्पा परदेशात गवंडीकामाला असताना तिथं युद्ध पेटलं. पासपोर्ट ठेकेदाराकडं अडकलेला, तरी आपल्या वकिलातीतल्या एका साहेबांनी त्यांना विमानात बसवलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, साहेब निवृत्त होऊन निपाणीत राहतात असं कळल्यावर आप्पा मला घेऊन त्यांना भेटायला गेले. साहेबांनी त्या दिवसाची डायरी उघडली. पानभर मागं राहिलेल्यांचीच नावं होती. "एवढ्यांना आणता आलं नाही," ते म्हणाले. आप्पा हळूच म्हणाले, "साहेब, मी आलतो की माघारी. माझं बी नाव लिवा." साहेबांनी ते पानाच्या समासात लिहिलं. आप्पा परतल्यावर दोन वर्षांनी मी जन्मले, हे साहेबांना सांगायचं तेव्हा राहून गेलं, म्हणून आज लिहिते आहे.