गाईची मुलगी

निबारण सरकारांच्या कथेत माणूस कधी माणूस म्हणून येतच नसे. सावकार आला की कोल्हा, जावई आला की बोकड, आणि सोशिक बायको आली की गाय. कृष्णनगरातल्या त्यांच्या गल्लीच्या, दुर्गापूजेला निघणाऱ्या पूजा-अंकात दरवर्षी त्यांची कथा असायचीच, आणि छापायला जाण्याआधी ती त्यांच्या बायकोला, शोभनाला, ऐकावी लागे. ती विळीवर रुई मासा कापत बसलेली, आणि हे समोर कागद घेऊन.

"'ती गाईसारखी मुकाट उभी राहिली.' कसं वाटतं?"

"पुन्हा गाय? अहो, काल मासेवाल्याशी भांडून मी सगळी गल्ली डोक्यावर घेतली, तेव्हा होतात कुठे?"

"तुला उपमा कळत नाही," म्हणून ते पुढे वाचू लागत. या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं, असं तिला वाटे.

यंदा मात्र त्या गाईने घात केला. त्यांच्या मुलीला, मौलीला, स्थळ आलं. मौली प्राथमिक शाळेत शिकवत होती. ती नोकरी मिळवताना पोरीच्या नाकी नऊ आले होते. मुलाची आई नंदराणीबाई सरभाजा मिठाई खाता खाता म्हणाल्या, "पूजा-अंकातली तुमची कथा वाचली आणि ठरवूनच टाकलं. आई अशी गाय, मग मुलगी काय वेगळी असणार? लग्नानंतर शाळा सोड म्हटलं की निमूट सोडेल."

मौलीचा चेहरा खर्रकन उतरला. शोभनाने नवऱ्याकडे पाहिलं, तर हे महाशय कथा वाचली म्हणून खुललेले!

"अहो, सांगा ना त्यांना!"

"त्याचं असं आहे, साहित्यात गाय म्हणजे..."

शोभनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, हे तीस वर्षं माझ्याजवळ राहिले आणि गोठ्यात बघून लिहीत बसले. यांचं वाचून सून निवडू नका. मौली शाळा सोडणार नाही."

नंदराणीबाईंनी कप खाली ठेवला. "मग आम्हाला विचार करावा लागेल," म्हणाल्या आणि निघाल्या. मौलीने शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.

"जरा गोडीत सांगितलं असतंस तर?" निबारणबाबू कुरकुरले.

"तुमच्याशी आजवर गोडीतच बोलत आले," शोभना म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला गाय दिसली."