दुखणं गुडघ्यात, लाथ दवाखान्यात

तोंडातला चहा आधी गिळून घ्या. आता जे सांगतो ती माझी फजिती आहे. गावाकडून ऐकाल तर मीठमिरची लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

आमच्या धनज गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जाते. वडिलांपासूनचा मान. दोरी मी धरतो. यंदा पोळा तोंडावर आला आणि माझा उजवा गुडघा धरला. खाटेवरून उठलो की डोळ्यांपुढे काजवे!

रुईची पानं बांधली. मथुरेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विटेचा शेक दिला. तेल तर एवढं चोपडलं की गुडघ्यावर माशी बसती तर घसरून पडती. दुखणं जागचं हललं नाही.

चुलतभाऊ किसन रोज संध्याकाळी चौकशीला यायचा.

"दादा, कसं हाय?"

"बरं हाय."

"नाई, म्हटलं नसन होत तं दोरी मी धरतो. मान काय, घरातच राह्यते."

पाहिलं? चौकशी गुडघ्याची, डोळा दोरीवर!

म्हणून कारंजाला दवाखान्यात गेलो. डॉक्टर एक तरुण बाई. तिनं मला टेबलावर निजवलं, गुडघा दाबून पाहिला. मग पाय दुमडला आणि मांडीपासून आत वळवला. काय सांगू! जांघेत अशी कळ गेली की माझा दुसरा पाय आपोआप उडाला. स्टूल भिंतीवर, स्टुलावरचा ट्रे जमिनीवर, नर्स दाराबाहेर!

बाई शांत. "आजोबा, दुखणं खुब्याचं आहे. खुब्याचा फोटो काढू."

"बाई, गुडघा दुखून राह्यला. खुबा कायले?"

"खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. दोन्हीकडे जाणारी नस एकच असते."

"मंग उद्या डोकं दुखलं तं टाचेचा फोटो काढसान काय?"

मथुरेनं माझी बंडी ओढली. "आवो, आयका ना त्याईचं!"

मी ऐकतो? चप्पल घातली आणि निघालो. एसटीत कंडक्टरला सांगितलं, शेजारच्याला सांगितलं, कारंजात एक डॉक्टरीण आहे, तिला गुडघा कुठं असतो तेच माहीत नाही! गावात पारावर तर रोज सांगितलं. रोज गोष्ट थोडी वर सरकायची. शेवटी शेवटी तिनं माझ्या खांद्याचा फोटो मागितला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. त्या सकाळी किसन आला. तोंड उतरलेलं. सोबत आणलेला त्याचा बैल चांद्या मागच्या पायानं लंगडत होता.

"दादा, गुडघा धरला यानं. तेल लावलं, शेकलं. काई फरक नाई."

बैलाच्या पायाचं दुखणं गावात मलाच विचारतात. पारावरची सगळी मंडळी आमच्या गोठ्यात जमली. मी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही.

"गुडघा कायले चोळतं रे, बयताडा? लंगडते खाली, दुखते वर. एवढं बी समजत नाई?"

आणि चांद्याच्या खुब्यावर अंगठा रोवला. त्यानं अशी लाथ झाडली की हळदीची वाटी छपरावर!

"पाह्य! खुबा!"

मी ऐटीत मागं वळलो. किसनच्या मिशा हलत होत्या.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मंग तुमचा?"

जे हसू फुटलं ते कारंजापर्यंत गेलं असेल!

दुपारच्या एसटीनं पुन्हा कारंजा. फोटो काढला. खुबाच निघाला. बाई एक शब्द टोचून बोलली नाही. फक्त तपासायच्या आधी तिनं स्टूल लांब सरकवलं. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "काठी डाव्या हातात धरायची."

पाय उजवा आणि काठी डाव्या हातात? शब्द ओठांवर आला होता. गिळला.

दुसऱ्या दिवशी डाव्या हातात काठी, उजव्या हातात दोरी. खरंच, पायावरचा भार कमी वाटला. किसन माझ्या बाजूनं चालत होता, पण दोरीला त्यानं बोट लावलं नाही. एवढंच म्हणाला, "सावकाश, दादा. बैलं थांबतेत." आणि माझी जोडी खरोखरच माझ्या चालीनं चालली. तोरण पार झालं.

मग बैल घरोघर नेतात. किसन चांद्याला घेऊन हळूहळू आमच्या दारात आला. मथुरेनं पहिली पुरणपोळी चांद्याच्या तोंडात दिली. मी म्हणालो, "अन् घरच्या माणसाचं काय?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "यानं एक लाथ मारली अन् दुखणं दाखवून मोकळा झाला. तुमी लाथ बी मारली, अन् वरून गावभर त्या डॉक्टरणीलेच येडं ठरवलं!"

चांद्याला दुसरी पोळी मिळाली. मी काठी डाव्या हातात धरून माझ्या पाळीची वाट पाहत उभा राहिलो.