सहलेखक : गवंडीकाम, शिरोळ

आमच्या बांधकाम शिकवणाऱ्या मॅडमना 'नाही' हा शब्द ऐकूच येत नाही, याबद्दल कोल्हापुरातल्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कुणाचंही दुमत नव्हतं. बाकी सगळं त्यांना स्वच्छ ऐकू येई. शेवटच्या बाकावर कुणी कुजबुजलं तरी फळ्याकडे तोंड असतानाच त्या त्याचं नाव घेत. पण 'मॅडम, हे होणार नाही' असं कुणी म्हटलं, की समोरचा नुसता खोकला असावा तशा त्या आपलं पुढचं वाक्य सुरू करत. रोज जयसिंगपूरहून एसटीनं येत आणि पर्समध्ये चष्म्याशेजारी गवंड्याचा ओळंबा ठेवत. कुणाच्या वास्तुशांतीला गेल्या, की जेवायला बसण्याआधी तो भिंतीला लावून यजमानांना सांगत, "अर्धा इंच बाहेर आहे. राहा, काही होत नाही." त्यानंतर त्या घरात कुणाला निवांत झोप लागली असेल असं मला वाटत नाही. घरचा जैन नेम असा, की दिवस मावळायच्या आत जेवण. एकदा परदेशातल्या प्राध्यापकांबरोबर ऑनलाइन चर्चासत्र रंगात आलं असताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, "माझी जेवायची वेळ झाली, तुमचं चालू द्या," असं इंग्रजीत सांगितलं आणि डबा उघडला. पलीकडचे पाच विद्वान त्यांचं जेवण होईपर्यंत थांबले.

माझं टेबल त्यांच्या शेजारचं, म्हणून त्या भिंतीच्या लेखाची सगळी हकीकत मला जवळून पाहायला मिळाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना भिंत कागदावर उत्तम काढता येते, पण तीच उभी करायला सांगितली की हातातली वीट कुठल्या बाजूनं ठेवायची हेही कळत नाही, हे मॅडमचं जुनं दुखणं. त्यांनी शिरोळच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणू लागलो. दर शनिवारी मामा कॉलेजच्या मागच्या अंगणात मुलांकडून भिंत बांधून घेत आणि मनासारखी झाली नाही तर पाडायला लावत. मॅडम कोपऱ्यात स्टुलावर बसून कोण कुठं चुकलं ते लिहून घेत. दोन वर्षांच्या नोंदी झाल्यावर त्यांनी लेख लिहिला आणि बांधकामाच्या शिक्षणावरच्या एका परदेशी नियतकालिकाला पाठवला.

आम्ही बाकीचे बढतीसाठी लेख छापायचो ते चार दिवसांत छापून देणाऱ्या ठिकाणी. मॅडमनाही प्राध्यापकपदासाठी एकच लेख कमी पडत होता आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. "तिकडं कशाला जाता? तोवर तुमची वेळ निघून जाईल," मी म्हटलं. त्यांनी मला पत्त्याचं स्पेलिंग तपासायला दिलं.

लेख परत आला. परीक्षकांचं म्हणणं, की फळ्यावरच शिकलेल्या मुलांशी तुलना हवी. मॅडमनी आणखी एक वर्ष घातलं. एका वर्गाला मामांनी शिकवलं, दुसऱ्याला फळ्यानं, आणि मग दोन्ही वर्गांना गुडघाभर उंचीची भिंत बांधायला लावली. फळ्यावाल्यांच्या भिंतीवर प्राचार्यांनी बोलता बोलता पाय टेकला आणि ती बसली. मॅडमनी तेही लेखात घातलं. पुढच्या वर्षी त्यांनी फळ्यावाल्या वर्गालाही वाळूच्या ढिगावर बसवून मामांकडून शिकवून घेतलं, ते मात्र कुणी मागितलं नव्हतं.

खरा पेच पडला तो नावाचा. मॅडमनी सहलेखक म्हणून मामांचं नाव घातलं होतं आणि 'संस्था' हा रकाना भरल्याशिवाय लेख पुढे सरकत नव्हता. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आभारात घाला की त्यांचं नाव. सगळे तसंच करतात."

"आभार चहापाण्याचे मानतात, सर. भिंत मामांनी शिकवली," मॅडम म्हणाल्या आणि रकान्यात लिहिलं : गवंडीकाम, शिरोळ. संपादकांशी त्यावर सात महिने पत्रं चालली. त्या सात महिन्यांत बढतीच्या मुलाखती मॅडमविना होऊन गेल्या. मॅडमनी त्या दिवशी नेहमीसारखे दोन तास घेतले आणि पाच वाजता एसटी पकडली.

लेख अखेर दोन्ही नावांसह छापून आला. आम्ही दोघं माझ्या गाडीनं शिरोळला गेलो. गुडघ्यांमुळे मामांचं काम तेव्हा सुटलं होतं. ओसरीवर बसून मॅडमनी पूर्ण लेख मराठीत करून त्यांना वाचून दाखवला. मामा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"म्याडम, हे चुकीचं हाय. विटा तासभर भिजवायच्या असं कोण म्हनलं?"

"परीक्षकांना आकडा हवा होता, मामा."

"तासभर न्हाय. बुडबुडं थांबस्तवर. वीट काय घड्याळ बघती व्हय?"

मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली. आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी त्यांनी मनाविरुद्ध दुसऱ्याचं ऐकलं होतं, आणि नेमकं तेच चुकलं होतं. "बरोबर आहे. मी ऐकायला नको होतं," त्या हळू म्हणाल्या. परतीच्या वाटेवर जयसिंगपूर येईपर्यंत त्या मोबाईलवर संपादकांना पत्र लिहीत होत्या. चूक किरकोळ आहे, दुरुस्तीची गरज नाही, असं उत्तर आलं. ते अर्थातच त्यांना ऐकू आलं नाही.

शुद्धिपत्र छापून आलं तेव्हा मॅडम निवृत्त होऊन चार महिने झाले होते. दोनच ओळी : विटा तासभर नव्हे, बुडबुडे थांबेपर्यंत. मी स्टाफरूममधून त्यांना फोन केला. त्या मामांच्याच ओसरीवर होत्या.

"वाचलं आम्ही," त्या म्हणाल्या. मागं मामांचा खोकला ऐकू येत होता. "भिंतीचं झालं, सर. पण छप्पर शिकवायचं राहिलंच बघा."