आईची पात

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते... त्यामुळे हे मीच लिहितेय याचं मला जरा हसू येतंय.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत एक्सायटॉनवर पीएचडी करते. सोपं सांगायचं तर — सेमिकंडक्टरवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो. मागे उरलेली रिकामी जागाही कणासारखीच वागते, आणि दोघं जोडीनं हिंडतात; ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. हेलियमने प्रचंड थंड केलं की अशा असंख्य जोड्या आपापली चाल सोडून एकाच चालीत येतात. ती अवस्था पकडायला मी तीन वर्षं धडपडतेय, अजून हाती काही नाही.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. दिवाळीनंतर भातकापणीला मी वेल्ह्याकडे, आमच्या पासली गावाला गेले. अण्णा — माझे वडील — अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायचे, बोलणं जवळपास बंद. मला त्यांचीच धास्ती होती.

आमच्या भावकीत एक रीत आहे. कापताना प्रत्येकाला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. माणूस गेलं की त्या वर्षी त्याची पात सोडायची. बाकीचे बांधापर्यंत पोचले की सगळ्यांनी मिळून ती कापायची. आईची पात अण्णांच्या आणि माझ्या मध्ये सोडली होती.

भर दुपार. बारा विळे आपापल्या गतीनं चालले होते, आणि मध्येच... एक झाले. खर्र — खर्र — एकच आवाज. कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. हे मी रोज कागदावर मांडते, पण त्याला हाडं गोठवणारी थंडी लागते हो! इथे घाम निथळत होता.

बांधावर पोचून मागे वळलो, तर आईची पात कापलेली. सगळी.

"कुनी गं कापली?" काकू ओरडली. कुणीच कापली नव्हती.

नकळत अण्णांनी आणि मीच दोन्हीकडून कापली असेल, असं मला वाटलं. वाकून पाहिलं. आमच्या सगळ्यांच्या लोंब्या एकीकडे तोंड करून, त्या पातीतल्या उलट्या. आई डावखुरी होती. बाकी त्या शेतात डावखुरं कुणीच नव्हतं.

अण्णांनी एक मूठ उचलून छातीशी धरली. "तिचाच हात ह्यो," म्हणाले. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले, "लई येळ झाला पोरी. भाकरीचं फडकं सोड."

मी अजून उत्तर शोधतेय. अण्णांना ते नकोच आहे. त्या दुपारी ते तीन भाकरी जेवले.